नॉर्मल म्हणजे पैसे पाण्यात

आमच्या दाजींना नॉर्मल रिपोर्टचा मनापासून राग आहे. दर वर्षी उपाशीपोटी रक्त देऊन येतात, संध्याकाळी पाकीट फोडतात, आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळ वाचता वाचता त्यांचा चेहरा पडत जातो. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, थायरॉइड ठीक, किडनी तर विशीतल्या पोराची. "म्हणजे अडीच हजार पाण्यात," असं म्हणून ते कागद ताईपुढे टाकतात. ताईही "अहो, निघेल काहीतरी पुढच्या वेळी," अशी त्यांची समजूत घालते.

दाजींना हसण्यात अर्थ नाही. साठी ओलांडलेल्या निम्म्या मध्यमवर्गाची हीच तक्रार आहे. दुपारी डोळे मिटतात, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, समोरच्याचं नाव ऐन वेळी आठवत नाही. डॉक्टरांना विचारावं तर ते म्हणतात, "वय झालं." हे निदान फुकट मिळतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आपल्याला काहीतरी झालेलं असावं, ते जिवावरचं नसावं, त्याला भारदस्त इंग्रजी नाव असावं आणि ते गोळीने हटावं, एवढीच माणसाची अपेक्षा असते. ही चारही कलमं पुरी करणारी तपासणी शेवटी ताईच्या सोसायटीत आली. केसांची.

घेऊन आल्या त्या एक वेलनेस कन्सल्टंट बाई. क्लबहाउसमध्ये त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की रक्त म्हणजे फक्त आजची शिल्लक, केस म्हणजे तीन महिन्यांचं स्टेटमेंट. दाजी बँकेतून निवृत्त झालेले. स्टेटमेंट म्हटल्यावर ते तिथेच विरघळले. किंमत साडेसहा हजार, पण त्याच दिवशी नाव नोंदवणाऱ्याला पावणेपाच. चाळीसएक खनिजं आणि धातू, म्हणजे नगाला सव्वाशेसुद्धा पडत नाहीत, असा हिशेब दाजींनी जागच्या जागी मांडला. घाऊक भावाचा मोह निवृत्त माणसाला आवरत नाही.

नमुना द्यायची पद्धत मोठी देखणी आहे. डोक्याच्या मागच्या बाजूने, मानेच्या वर, अगदी कातडीलगत केस कापायचे. मुळाकडचे तीन-चार सेंटिमीटर ठेवायचे, बाकीचे टाकायचे. वजन पाव ग्रॅमच्या आसपास. पाव ग्रॅम म्हणजे नेमके किती, हे पाहायला दाजी पुडी घेऊन आपल्या नेहमीच्या सराफाकडे गेले. सराफाने काट्यावर पुडी ठेवली, आकडा सांगितला आणि सवयीने विचारलं, "घट किती धरू?"

आमच्या नानाकाकांची अडचण वेगळी होती. त्यांच्या डोक्यावर पाव ग्रॅम माल निघणं शक्यच नव्हतं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, की डोक्यावर केस नसल्यास अंगावरचे इतर केस चालतील. नानांनी मदतीच्या नंबरावर फोन लावून, स्पीकर चालू ठेवून, घरच्या सगळ्यांच्या देखत विचारलं, "इतर म्हणजे कुठले?" पलीकडच्या मुलीने न अडखळता, यादी वाचावी तसं, उत्तर दिलं. नानांनी फोन बंद केला. "शरीरात धातू असले तर असू देत," एवढंच बोलले आणि पेपर उघडून बसले.

रिपोर्ट आला तो चौतीस पानी, गुळगुळीत कागदावर. प्रत्येक धातूला एक रंगीत पट्टी. हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे आता तुमचं तुम्ही बघा. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, ॲल्युमिनियम हे 'विषारी' विभागात, झिंक, सेलेनियम, क्रोमियम वगैरे मंडळी 'पोषक' विभागात. त्यानंतर गुणोत्तरं. कॅल्शियमला मॅग्नेशियमने भागलं की तुमची साखर पचवायची ताकद कळते म्हणे, आणि सोडियमला पोटॅशियमने भागलं की चैतन्य. सगळ्यांत शेवटी दाजींच्या प्रकृतीचा निकाल मोठ्या अक्षरांत: स्लो ऑक्सिडायझर. दाजींनी त्या दिवशी जेवढे फोन केले तेवढे मुलाच्या लग्नातही केले नव्हते. तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी 'फास्ट' निघाले, तेव्हापासून दोघं एका वेळी लिफ्टमध्ये शिरत नाहीत.

आता यंत्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण या सगळ्या प्रकरणात यंत्र तेवढं प्रामाणिक आहे. केस आम्लात विरघळवतात, तो द्राव आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. तिथलं तापमान काही हजार अंशांचं. त्या भट्टीत केसाचे अणू सुटे होतात, त्यांच्यावर विद्युतभार चढतो, आणि पुढचं उपकरण त्यांना वस्तुमानाप्रमाणे वेगळं करून मोजतं. अब्जात एखादा कण असला तरी हे यंत्र तो हुडकून काढतं. यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. तेव्हा केसात किती झिंक होतं हे ते बरोबरच सांगत असणार. पण ते झिंक पोटातून आलं की बाटलीतून, हे त्या बिचाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी त्याला सांगता येणार नाही.

बाटलीतून म्हणजे शांपूच्या. कोंड्यावरचे कितीतरी शांपू झिंक पायरिथायोनचे असतात, काही सेलेनियम सल्फाइडचे. ताईला दर हिवाळ्यात कोंडा होतो आणि तिचं सेलेनियम 'अत्युच्च' आलं. बाईंनी तिला सुकामेवा बंद करायला सांगितलं, शांपूचं नावही काढलं नाही. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी येतं त्यांच्या केसांत कॅल्शियम-मॅग्नेशियम बाहेरूनच शिरतं. काही जुन्या कलपांत चक्क शिशाचा क्षार असायचा. अमेरिकेत अशा कलपांची परवानगी काढून घेण्याचा निर्णय व्हायला २०१८ उजाडलं. म्हणजे दाजींच्या स्टेटमेंटमध्ये त्यांच्या स्वतःच्या नोंदी आहेतच, शिवाय शांपूवाल्याच्या आहेत, पाणीपुरवठ्याच्या आहेत आणि न्हाव्याच्याही. खाली सही मात्र एकट्या दाजींची.

यावर उपाय म्हणून केस धुवून तपासावेत म्हणाल, तर तिथे आणखी गंमत आहे. काही प्रयोगशाळा केस ॲसिटोनने आणि पाण्याने आलटून पालटून धुतात. काही मुद्दाम धुवत नाहीत. त्यांचं म्हणणं, धुतलं की मळाबरोबर आतली खनिजंही वाहून जातात. दोघांचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच दोघांचे आकडे जुळत नाहीत.

हे न जुळणं कोणी मोजलं का? मोजलं, आणि चांगलं खट्याळपणे मोजलं. १९८५ साली स्टीफन बॅरेट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दोन धडधाकट किशोरवयीन मुलींचे केस खोट्या नावांनी तेरा प्रयोगशाळांना पाठवले. एकाच डोक्याचे केस एकाच प्रयोगशाळेत दोनदा गेले तरी उत्तरं वेगळी आली. प्रयोगशाळा बदलली की बघायलाच नको. 'नॉर्मल' कशाला म्हणायचं यावरही त्यांचं एकमत नव्हतं. संगणकाने छापलेला अर्थ मात्र बहुतेकांचा लांबलचक आणि घाबरवणारा. सहा प्रयोगशाळांनी पूरक गोळ्याही सुचवल्या, प्रत्येकीच्या गोळ्या निराळ्या. हे सगळं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं.

आता तुम्ही म्हणाल, १९८५ ची गोष्ट काय सांगता, तेव्हा आपल्याकडे फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होते. यंत्रं सुधारली नसतील का? कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांना हाच प्रश्न पडला. त्यांनी एकाच निरोगी बाईचे, कातडीलगतचे केस घेतले, त्यांचे वाटे केले आणि सहा प्रयोगशाळांना पाठवले. अमेरिकेतल्या असल्या तपासण्यांपैकी सुमारे नव्वद टक्के या सहाच जणी करत होत्या, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्यातरी दुकानाचा दोष म्हणायची सोय नव्हती. २००१ साली त्याच जर्नलमध्ये निकाल छापला. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत दहापटीहून जास्त फरक. बाई एक, डोकं एक, केस त्याच वीतभर जागेतले. जवळजवळ प्रत्येक खनिज एकीकडे कमी, दुसरीकडे नॉर्मल आणि तिसरीकडे जास्त. काय खावं, काय टाळावं याचे सल्लेही एकमेकांना छेद देणारे. त्या बाईने सहाही रिपोर्ट मनावर घेतले असते तर तिला एकाच ताटात जेवून एकाच वेळी उपाशी राहावं लागलं असतं. डॉक्टरांनी या तपासण्या वापरू नयेत, असं त्या संशोधकांनी शेवटी सरळ लिहिलं.

मी हे दाजींना वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "ते अमेरिकेत. आपली लॅब वेगळी आहे." त्यांचा नमुना कुरियरने नेमका परदेशी गेला होता, हे त्यांच्या चौतिसाव्या पानावर बारीक टायपात छापलेलं आहे.

केसांवरून ॲलर्जी ओळखण्याचा धंदा याचाच सख्खा भाऊ. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख आला होता. मासे खाल्ले की हमखास त्रास होणारी नऊ माणसं आणि मासे मजेत पचवणारी नऊ माणसं घेतली, त्यांचे केस आणि रक्ताचे नमुने ब्रिटनमधल्या पाच व्यापारी प्रयोगशाळांना पाठवले. माशांची ॲलर्जी एकीलाही ओळखता आली नाही. मात्र ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांना भरपूर ॲलर्ज्या निघाल्या. मालवणच्या आमच्या मामींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या प्रयोगशाळांवर चिडल्याच नाहीत. त्यांचं सगळं दुःख त्या पहिल्या नऊ जणांसाठी होतं. "म्हणजे सुरमई पण नाही? कालवं पण नाही?" असं त्या दुपारभर विचारत राहिल्या.

कुत्र्यांसाठीही अशी केसांची आणि लाळेची तपासणी निघाली. २०१९ मध्ये दोन पशुवैद्यांनी तिची परीक्षा घेतली. खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर त्यांनी नकली केसाळ कापडाचे धागे आणि लाळ म्हणून मिठाचं पाणी पाठवून दिलं. त्या न भुंकणाऱ्या जिवालाही ॲलर्ज्या निघाल्या. खरा आजारी कुत्रा कुठला आणि कापड कुठलं, हे निकाल वाचून सांगणं अशक्य होतं. तिथेही पैसे कुणाचेच पाण्यात गेले नाहीत, प्रत्येकाला काही ना काही मिळालं.

मग केसात काहीच नसतं का? तसं म्हणणं केसावर अन्याय होईल. केसाचं केराटिन गंधकाने भरलेलं असतं, आणि पारा, आर्सेनिक, शिसं यांना गंधकाची ओढ जबर. ते रक्तातून वाढत्या केसात जाऊन बसतात आणि पुन्हा हलत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे कमरेपर्यंत शेपटा असलेल्या बाईच्या केसाच्या टोकाला पाच-सहा वर्षांपूर्वीची नोंद असते. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात पेरणीसाठी आलेला, पाऱ्याचं बुरशीनाशक चोळलेला गहू लोकांनी दळून भाकऱ्या केल्या. साडेसहा हजारांवर माणसं इस्पितळात आली, साडेचारशेहून जास्त तिथे दगावली. त्या वेळी बायकांचे लांब केस सेंटिमीटर-सेंटिमीटर कापून कोणत्या महिन्यात किती पारा पोटात गेला हे शोधून काढता आलं. पश्चिम बंगालमध्ये ट्यूबवेलच्या पाण्यातल्या आर्सेनिकचा माग काढताना जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी पाण्याबरोबर लोकांचे केस आणि नखंही तपासली. तेव्हा पारा किंवा आर्सेनिक अंगात गेल्याचा दाट संशय असला, आणि विचारणाऱ्याला नेमकं काय विचारायचं ते ठाऊक असलं, की केस साक्ष देतो. दुपारी झोप का येते, याचं उत्तर मात्र त्याच्याकडे नाही.

आणि साक्ष देणारा केस निदान त्याच माणसाचा तरी असावा लागतो. बेथोव्हेन १८२७ च्या मार्चमध्ये व्हिएन्नात वारला. दुसऱ्या दिवशी फर्डिनांड हिलर नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने त्याच्या केसांची बट कापून नेली, अशी गोष्ट सांगितली जाई. १९९४ मध्ये ती बट लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली आणि दोन अमेरिकन भक्तांनी घेतली. मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत ती तपासली, तिच्यात प्रचंड शिसं निघालं, २००० साली जगभर बातम्या झाल्या. बेथोव्हेनचं पोट का दुखे, तो चिडका का होता, सगळ्याचा उलगडा झाला. तेवीस वर्षांनी डीएनए पाहिला, तर ती बट एका बाईची निघाली.

ती बाई कोण, तिच्या अंगात एवढं शिसं कुठून आलं, तिचंही पोट दुखत होतं का, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही. बेथोव्हेनच्या बाजूने सांगायचं तर गोष्टीला आणखी एक वळण आहे. त्याच्या अस्सल ठरलेल्या दोन बटा पुढे तपासल्या, २०२४ मध्ये निकाल आला, आणि त्यांतही शिसं निघालं. ग्रॅममागे २५८ आणि ३८० मायक्रोग्रॅम, जिथे चारपर्यंत ठीक मानतात. म्हणजे चुकीच्या डोक्यावरून काढलेलं अनुमान बरोबर डोक्याला लागू पडलं. अर्थात तेवढ्याने तो मेला असं ते संशोधकही म्हणत नाहीत. ज्याला दैव म्हणतात ते हेच असावं, पण आपल्या लॅबने यावर विसंबू नये.

आता पैशांकडे येऊ, कारण दाजी तिकडेच निघाले आहेत. केसाच्या तपासणीत पावणेपाच हजार हा नुसता प्रवेश असतो. रिपोर्टच्या शेवटच्या पानांवर दाजींसाठी खास घडवलेला गोळ्यांचा संच होता: झिंक, क्रोमियम, सेलेनियम, मॅग्नेशियम आणि 'डिटॉक्स'चं हिरवट पीठ. महिन्याला तीन हजार आठशे. कोर्स तीन महिन्यांचा, आणि त्यानंतर सुधारणा बघण्यासाठी पुन्हा केस, पुन्हा पैसे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यात निदान कोंबडी तरी शिजते. शिवाय त्या गोळ्यांतलं सेलेनियम अति झालं तर त्यानेच केस गळतात, म्हणजे पुढच्या तपासणीला नमुनाच उरायचा नाही. मला खरी काळजी वाटते ती त्यापुढच्या पायरीची. असल्या आकड्यांवर विसंबून काही ठिकाणी धातू बाहेर काढणारी औषधं शिरेतून देतात. ती खऱ्या शिसेबाधेवरची औषधं आहेत. नीट निदान नसताना दिली तर ती जिवावर बेततात. इथे मला विनोद सुचत नाही.

उलट दिशेचा व्यवहार बघा. तिरुपतीला भाविक केस देतात आणि देवस्थान ते लिलावात विकतं. वर्षाला शंभर कोटींच्या वर मिळकत होते. केसाला बाजारात भाव आहे, तो विकणाऱ्याला मिळतो. पाव ग्रॅम केस देऊन वर पावणेपाच हजार मोजणारे आपणच. हा मुद्दा मी नानाकाकांना सांगितला. त्यांना तो आवडला, पण विकायला माल नाही म्हणून त्यांनी तो पुढे नेला नाही.

शेवटी दाजींचा भाचा आला. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, घरात त्याचं कोणी ऐकत नाही. त्याने चौतीस पानं उलटली आणि विचारलं, "मामा, या लॅबला मान्यता आहे ती नेमकी कुठल्या तपासणीसाठी? एनएबीएलची मान्यता तपासणीगणिक असते. भिंतीवर सर्टिफिकेट असलं म्हणजे आतलं सगळं त्यात आलं असं नाही." दाजी म्हणाले, सर्टिफिकेट सोनेरी फ्रेममध्ये होतं. भाच्याने नाद सोडला आणि कामाचं बोलला. थकवा येतो ना, मग हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघा, बी-बारा बघा. शिशाची शंका असेल तर रक्तातलं शिसं बघतात, डॉक्टर तेच सांगतील. केसातलं लोह बघून अंगातलं लोह कळत नाही. दुपारच्या झोपेसाठी आधी दुपारचं श्रीखंड कमी करा, त्याला तपासणी लागत नाही.

दाजींनी हे सगळं मन लावून ऐकलं. लिहूनही घेतलं, बँकेतली सवय. मग पेन टोपणात घालत विचारलं, "या तुझ्या सगळ्याला मिळून खर्च किती येईल?"

भाच्याने आकडा सांगितला. गोळ्यांच्या एका महिन्याहून बराच खाली होता तो.

दाजींनी वही मिटली, ताईकडे पाहिलं आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "एवढ्यात होते, म्हणजे तपासणी काही खास नसणार."